साम्यवाद गेल्यावर कुठला देश वर आला, कुठला अडकला, आणि का? हे स्वतः कसं तपासायचं

एमए इकॉनॉमिक्सचा प्रोजेक्ट असेल, यूपीएससीचा निबंध असेल, किंवा मुलीला जॉर्जियाला एमबीबीएसला पाठवायचंय म्हणून तो देश नेमका कसा चालतो ते बघायचं असेल, एक वाक्य तुम्हाला सगळीकडे भेटणार: संस्था (म्हणजे कायदे, कोर्ट, सेंट्रल बँक, नियम लावणारे आयोग अशा व्यवस्था) चांगल्या असल्या की देशाचा विकास होतो. २०२४ चं अर्थशास्त्राचं नोबेल असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन या तिघांना याच विषयासाठी मिळालं, त्यामुळे आता तर हे वाक्य प्रत्येक नोट्समध्ये आहे. वाक्य खरंच आहे, माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. पण नुसतं पाठ करून त्यातलं काहीच कळत नाही. कुठली संस्था, कधी उभी राहिली, तिने कुणाला अडवलं, आणि त्यामुळे कुणाचे पैसे वाचले किंवा बुडाले, एवढं एका खऱ्या देशात बोट ठेवून दाखवता आलं की मग तो विषय तुमचा झाला. ते कसं करायचं तेच इथे सांगतोय.

आणि त्यासाठी पूर्व युरोप आणि जुन्या सोव्हिएत भागाइतकी चांगली जागा नाही. १९८९ ते १९९१ या तीनेक वर्षांत इतके सगळे देश एकदमच शून्यावर आले. कारखाने होते, इंजिनिअर होते, शिकलेली माणसं होती, पण बहुतेक ठिकाणी दिवाळखोरीचा कायदा नाही, शेअर बाजार नाही, जमिनीची खाजगी मालकी नाही किंवा नावापुरती, सेंट्रल बँक म्हणजे सरकारचंच एक खातं, आणि कोर्टात निकाल काय द्यायचा ते पक्षाच्या ऑफिसातून फोन करून सांगायची पद्धत. हे सगळं प्रत्येकाला नव्याने बांधायचं होतं आणि प्रत्येकाने वेगवेगळं बांधलं. म्हणून तुलना करता येते.

आधी जोडी निवडा, एकटा देश घेऊ नका

एकाच देशावर लिहिलं की सगळीच कारणं खरी वाटतात. दोन शेजारी घ्या जे सुरुवातीला साधारण सारखे होते. सगळ्यात चांगली जोडी म्हणजे पोलंड आणि युक्रेन. १९९० ला दोघांचं दरडोई उत्पन्न एकमेकांच्या जवळपास होतं, उलट युक्रेनकडे काळी सुपीक जमीन, पोलाद, विमानं आणि रॉकेटं बनवणारे कारखाने, म्हणजे कागदावर युक्रेन जास्तच भारी. २०२१ ला, म्हणजे मोठं युद्ध सुरू व्हायच्या आधी, पोलंडचं दरडोई जीडीपी १८ हजार डॉलरच्या आसपास आणि युक्रेनचं ५ हजारांच्या आत. युद्धानंतरचे आकडे या तुलनेत घेऊच नका, कारण मग तुम्ही संस्था मोजत नाही, बॉम्ब मोजताय.

दुसऱ्या जोड्याही आहेत, एस्टोनिया आणि रशिया, चेक आणि पोलंड (ही शेअर बाजारासाठी, खाली येतेच आहे), रोमानिया आणि मोल्दोवा. पण पहिल्यांदा करत असाल तर पोलंड-युक्रेनच घ्या, माहिती भरपूर आहे.

आकडे कुठून घ्यायचे आणि किती विश्वास ठेवायचा

वर्ल्ड बँकेचे वर्ल्डवाइड गव्हर्नन्स इंडिकेटर्स फुकट डाउनलोड होतात, १९९६ पासूनचे आहेत. सहा गोष्टी मोजतात: लोकांचा आवाज आणि सरकारची जबाबदारी, राजकीय स्थैर्य, सरकारची कार्यक्षमता, नियमांचा दर्जा, कायद्याचं राज्य, आणि भ्रष्टाचारावर नियंत्रण. स्कोर साधारण उणे अडीच ते अधिक अडीच. आपल्या विषयाला शेवटचे दोन आणि नियमांचा दर्जा एवढे तीन पुरतात, सहाच्या सहा घालून चार्ट भरवू नका.

दुसरं, ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलचा भ्रष्टाचार निर्देशांक. २०२३ चे स्कोर बघा, १०० पैकी, जास्त म्हणजे भ्रष्टाचार कमी: एस्टोनिया ७६, पोलंड ५४, जॉर्जिया ५३, हंगेरी ४२, युक्रेन ३६, रशिया २६. भारत ३९. यात एक गोष्ट नीट लक्षात ठेवा की २०१२ ला त्यांनी मोजायची पद्धत बदलली, त्यामुळे २०१२ च्या आधीचे आकडे नंतरच्या आकड्यांशी जोडून एकच रेषा काढायची नाही. कित्येक प्रोजेक्टमध्ये ही रेषा काढलेली दिसते आणि परीक्षकाने पकडलं तर सगळंच पडतं.

तिसरं, ईबीआरडी, म्हणजे युरोपियन बँक फॉर रिकन्स्ट्रक्शन अँड डेव्हलपमेंट. ही बँक १९९१ ला खास याच देशांसाठी लंडनमध्ये सुरू झाली. त्यांनी प्रत्येक देशाला किंमती मोकळ्या करणं, खाजगीकरण, स्पर्धेचे नियम, बँका वगैरे बाबतीत १ ते ४ प्लस असे गुण दिलेत, वर्षावार. आणि वर्ल्ड बँकेबरोबर मिळून ते कंपन्यांचा सर्व्हे करतात, बीप्स नावाचा, १९९९ पासून. त्यात थेट मालकांना विचारतात की लाच द्यावी लागते का, कोर्टावर भरवसा आहे का, अधिकाऱ्यांच्या मागे किती वेळ जातो. माझ्या मते हा सर्व्हे बाकीच्या सगळ्या निर्देशांकांपेक्षा उपयोगी आहे कारण बाकीचे बरेचसे बाहेरच्या तज्ज्ञांच्या मतावर चालतात आणि इथे ज्याला रोज काउंटरवर उभं राहावं लागतं तो बोलतोय.

एक आकडा मात्र वापरायच्या आधी थांबा. वर्ल्ड बँकेचं 'डुइंग बिझनेस' रँकिंग. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ते कायमचं बंद केलं, कारण २०१८ आणि २०२० च्या रिपोर्टमध्ये काही देशांच्या डेटात गडबड सापडली, त्यात चीन आणि सौदीबरोबर आपल्या यादीतला अझरबैजानही होता. जुन्या पुस्तकात आणि पीपीटीत ते अजून फिरतंय.

आणि १९९० च्या दशकातले जीडीपीचे आकडे. युक्रेनचं अधिकृत जीडीपी १९९९ पर्यंत १९९० च्या निम्म्याच्याही खाली गेलं होतं. पडझड भयंकर होती यात वाद नाही, पण त्यातला काही भाग असा की आधी जे उत्पादन मोजलं जायचं ते कुणाला नकोच होतं, फक्त प्लॅनमध्ये होतं म्हणून बनायचं, आणि नंतर बराच धंदा कागदावर न येता रोखीत चालायचा तो मोजलाच गेला नाही. म्हणून उत्पन्नाच्या आकड्याबरोबर आयुर्मान किंवा विजेचा वापर असं अजून एखादं माप ठेवा.

आता खरं काम: एक कारखाना धरा आणि त्याच्या मागे जा

निर्देशांक तुम्हाला सांगतो की ताप आहे. कशामुळे ते कळायला एकच मालमत्ता निवडा, एखादी खाण, पोलाद कारखाना, तेल कंपनी, आणि चार प्रश्न विचारत जा. ती कुणाला विकली, कितीला, बोली लावायची परवानगी कुणाला होती, आणि हरलेल्याने कोर्टात जाऊन काही मिळवलं का. एवढ्या चार प्रश्नांतून तुम्हाला त्या देशाचं कोर्ट, मंत्रालय, प्रेस, सेंट्रल बँक सगळं दिसतं.

युक्रेनचं उदाहरण घ्या. क्रिव्होरिझस्ताल, देशातला सगळ्यात मोठा पोलाद कारखाना. २००४ ला सरकारने ९३ टक्के हिस्सा विकायला काढला. अट अशी घातली की बोली लावणारा युक्रेनमध्येच कोक (पोलादाच्या भट्टीत लागणारा प्रक्रिया केलेला कोळसा) बनवणारा पाहिजे, म्हणजे परदेशी कंपन्या दारातच बाद. यूएस स्टील आणि लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीने मिळून दिलेली त्याहून कितीतरी मोठी ऑफर बाजूला पडली, आणि कारखाना गेला साधारण ८० कोटी डॉलरला, रिनात अख्मेतोव्ह आणि व्हिक्टर पिंचुक यांच्या गटाकडे. पिंचुक हे तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष कुचमांचे जावई. त्याच वर्षाच्या शेवटी निवडणुकीतल्या गडबडीविरुद्ध लोक रस्त्यावर आले, म्हणजे ऑरेंज क्रांती झाली, नवं सरकार आलं, कोर्टाने विक्री रद्द केली, आणि ऑक्टोबर २००५ मध्ये टीव्हीवर लाइव्ह लिलाव झाला. मित्तल स्टीलने ४८० कोटी डॉलरला घेतला. तोच कारखाना, तीच मशिनं, तेच कामगार, दीड वर्षात सहापट किंमत. मधला फरक म्हणजे नियम सगळ्यांना सारखे होते की नाही एवढाच. संस्थांच्या दर्जाला पैशात किती किंमत असते हे एवढं उघडं दाखवणारं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही, आणि ते ४०० कोटी डॉलर त्या वर्षी युक्रेनच्या बजेटसाठी किती मोठे होते याचा विचार करा, किती पेन्शनी, किती दवाखाने.

पण इथेच थांबू नका, कारण पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. हे पुन्हा पुन्हा झालं का? नाही झालं. एक लिलाव स्वच्छ झाला, व्यवस्था तीच राहिली. बाकीच्या बहुतेक जुन्या विक्र्या तशाच राहिल्या, आणि मालमत्ता ज्यांच्याकडे गेली त्यांच्याकडेच टीव्ही चॅनेल आणि खासदार राहिले. म्हणून एक चांगली घटना दिसली की लगेच 'सुधारणा झाली' लिहायचं नाही.

रशियाचं असंच. १९९२ च्या ऑक्टोबरपासून प्रत्येक नागरिकाला १० हजार रुबलचं व्हाउचर, म्हणजे सरकारी कंपन्यांचे शेअर्स घ्यायचं कुपन वाटलं, खाजगीकरणाचे प्रमुख अनातोली चुबाइस म्हणाले होते की एका व्हाउचरची किंमत पुढे दोन व्होल्गा गाड्यांइतकी होईल. महागाई एवढी की लोकांनी मिळेल त्या भावात विकून टाकली. मग १९९५ ला 'कर्जाच्या बदल्यात शेअर्स' योजना आली, सरकारला पैसे हवे होते, बँका कर्ज देणार आणि तारण म्हणून मोठ्या कंपन्यांचे शेअर्स ठेवणार, सरकारने फेडलं नाही तर शेअर्स गेले. नोरिल्स्क निकेलचा ३८ टक्के हिस्सा, जगातली सगळ्यात मोठी निकेल कंपनी, बोली सुरू १७ कोटी डॉलरला आणि संपली १७ कोटी १ लाखाला. लिलाव घेणारी बँक आणि जिंकणारा एकाच गटाचे. दुप्पट रकमेची बोली आली होती ती नियमावर बोट ठेवून बाद केली.

आता यातली खोलवरची गोष्ट बघा. ज्या मालकाला माहितीये की आपल्याला हे असं मिळालंय, त्याला हेही माहितीये की उद्या तसंच काढून घेता येईल. मग तो कारखान्यात पैसा घालेल की सायप्रसला नेईल? नेलाच. आणि भीती खरी ठरली, २००३ च्या ऑक्टोबरमध्ये युकोस तेल कंपनीचे मिखाइल खोदोर्कोव्स्की यांना अटक झाली, डिसेंबर २००४ मध्ये कंपनीचा मुख्य तेलाचा भाग कुणी नावही न ऐकलेल्या एका कंपनीने लिलावात घेतला आणि काही दिवसांत ती कंपनी सरकारी रोसनेफ्टच्या ताब्यात. म्हणजे मिळवताना कोर्ट नव्हतं आणि गमावताना पण नव्हतं. शेतकऱ्याला विचारा, सातबाऱ्यावर नाव पक्कं नसेल तर कोण त्या जमिनीत विहीर खणेल? तिथे हाच प्रश्न तेलाच्या विहिरींचा होता.

'नाही' कोण म्हणतं ते शोधा

दुसरी तपासणी. सरकारी कारखाना तोट्यात गेला, मॅनेजर राजधानीत आला, म्हणाला पैसे द्या नाहीतर हजारो लोक रस्त्यावर येतील. त्याला नाही म्हणणारं कुणी होतं का?

पोलंडमध्ये होतं. १ जानेवारी १९९० ला अर्थमंत्री बाल्सेरोविच यांची योजना सुरू झाली, त्याबद्दल सगळे 'शॉक थेरपी' म्हणून किंमती मोकळ्या केल्या तेवढंच सांगतात. पण महत्त्वाचा भाग हा की सरकारी कंपन्यांचा फुकटचा पैसा बंद झाला, आणि पगार ठरल्यापेक्षा जास्त वाढवला तर त्यावर जबर टॅक्स. मॅनेजरला कळलं की आता कुणी वाचवायला येणार नाही. त्यामुळे खाजगीकरण व्हायच्या आधीच सरकारी कारखाने सुधारायला लागले, गोदामं विकली, ट्रक विकले, आणि ते ट्रक घेऊन छोट्या लोकांनी धंदे सुरू केले. पोलंडची वाढ १९९२ पासून परत सुरू झाली, या सगळ्या देशांत सगळ्यात आधी. आणि मोठ्या प्रमाणावरचं खाजगीकरण तिथे १९९५ पर्यंत खोळंबलं होतं! म्हणून 'जितकं पटापट खाजगीकरण तितका विकास' असं कुणी म्हणालं तर पोलंड आणि रशिया शेजारी ठेवून दाखवा.

युक्रेनमध्ये त्याच काळात सेंट्रल बँक कारखान्यांना आणि सामूहिक शेतांना नोटा छापून कर्ज देत होती. १९९३ ची महागाई १० हजार टक्क्यांच्या वर. लोकांची आयुष्यभराची बचत गेली. नाही म्हणणारं कुणीच नव्हतं, संसदेत कारखान्यांचे डायरेक्टरच बसलेले. हिशेब ताळ्यावर आला तेव्हा १९९६ उजाडलं होतं, त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ह्रिव्निया चलन आलं.

एस्टोनिया बघा. जून १९९२ मध्ये स्वतःचं चलन क्रून, ८ क्रून म्हणजे १ जर्मन मार्क, आणि नियम असा की जेवढं परकीय चलन आणि सोनं हातात तेवढेच क्रून छापायचे. म्हणजे सेंट्रल बँकेला हो म्हणताच येत नाही अशी सोय. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मोठ्या बँका अडचणीत आल्या, टार्टू कमर्शियल बँक सरकारने वाचवली नाही, बंद केली, ठेवीदारांचं नुकसान झालं. पंतप्रधान मार्ट लार तेव्हा ३२ वर्षांचे. हे वाचायला कठोर वाटतं आणि ज्यांचे पैसे गेले त्यांना ते सोसावं लागलंच, हे लिहिताना विसरू नका, सुधारणेची किंमत कुणी दिली ते लिहिलं नाही तर अर्धीच गोष्ट सांगितली. पण उरलेल्या बँकांना त्यातून जो धडा मिळाला तो पुढे उपयोगी पडला. उलट टोक बघायचं तर मोल्दोवा, २०१४ ला तीन बँकांमधून साधारण १०० कोटी डॉलर गायब झाले, देशाच्या जीडीपीच्या जवळपास आठवा हिस्सा, आणि बँकांवर देखरेख करणारे बघत राहिले.

अंपायर आहे का, आणि कधी आला

ही चेक-पोलंडची जोडी. दोघेही साधारण सारखे, शिकलेले, जर्मनीला लागून. चेकमध्ये आधी अर्थमंत्री आणि मग पंतप्रधान झालेल्या व्हाक्लाव क्लाउस यांनी भराभर व्हाउचर वाटले, १ हजार क्राउनला पुस्तिका घ्यायची आणि त्यातून शेअर्स. विचार असा की मालक तयार झाले की नियम आपोआप येतील. फंड निघाले, 'हार्वर्ड' नाव लावलेला एक फंड विद्यापीठाशी काही संबंध नसताना दहापट परतावा देतो म्हणाला आणि लाखो लोकांनी व्हाउचर दिले. मग फंडवाल्यांनी कंपन्यांमधली चांगली मालमत्ता स्वतःच्या दुसऱ्या कंपन्यांना स्वस्तात विकली, मागे पोकळ कंपन्या आणि हातात कागद घेतलेली माणसं. चेकमध्ये याला 'टुनेलोव्हानी' म्हणतात, बोगदा खणणं. सेबीसारखा रोखे आयोग तिथे आला १९९८ ला, म्हणजे व्हायचं ते होऊन गेल्यावर.

पोलंडने उलटं केलं. वॉर्सा शेअर बाजार एप्रिल १९९१ मध्ये सुरू झाला, फक्त ५ कंपन्या, जागा कुठली तर कम्युनिस्ट पक्षाचं जुनं मुख्यालय. पण रोखे आयोग त्याच वेळी तयार होता, कडक होता, कंपनीने काय उघड करायचं ते ठरलेलं आणि चुकलं तर ब्रोकरचं लायसन्स जायचं. कंपन्या कमी, पण लोकांचा विश्वास बसला आणि नव्या कंपन्या बाजारातून खरंच भांडवल उभं करू लागल्या. तुमच्या अभ्यासात प्रत्येक बाजारासाठी दोन तारखा शोधा, बाजार कधी सुरू झाला आणि त्यावर लक्ष ठेवणारा कधी आला. दोन्हींमधलं अंतर खूप काही सांगतं. अल्बानियात १९९७ ला पिरॅमिड स्कीम कोसळल्या, लक्ष ठेवणारं कुणी नव्हतंच, देशातल्या दोन तृतीयांश लोकांचे पैसे त्यात होते, दंगली झाल्या आणि साधारण २ हजार माणसं मेली. संस्था हा विषय कोरडा वाटत असेल तर अल्बानिया वाचा.

काउंटर सुधारला म्हणजे कोर्ट सुधारलं असं नाही

जॉर्जिया हे इथलं सगळ्यात शिकवणारं उदाहरण, आणि आपल्याकडची बरीच मुलं तिथे डॉक्टर व्हायला जातात म्हणून जवळचंही. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये लोकांच्या आंदोलनाने सरकार गेलं, त्याला रोझ क्रांती म्हणतात, आणि साकाश्विली राष्ट्राध्यक्ष झाले. २००४ ला अख्खं ट्रॅफिक पोलीस खातं बरखास्त केलं, हजारो लोक एकदम घरी, नवी भरती, बरा पगार, आणि पोलीस स्टेशनं काचेच्या भिंतींची. २००५ पासून विद्यापीठ प्रवेशाला देशभर एकच परीक्षा, कारण आधी सीट विकत मिळायची. नंतर एकाच इमारतीत जन्मदाखला, पासपोर्ट, जमिनीची नोंद सगळं मिळणारी सेवाकेंद्रं. लाच देणं सामान्य माणसाच्या आयुष्यातून जवळजवळ गेलं, आणि हे थोड्या वर्षांत झालं. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आणि 'आपले सरकार' वापरणाऱ्याला यातलं महत्त्व सांगायला नको.

पण मोठ्या माणसाशी भांडण असेल तर कोर्ट काय करतं? तिथे गोष्ट वेगळी. न्यायाधीश साकाश्विलींच्या काळातही सरकारच्या बाजूने झुकलेले म्हणून टीका व्हायची आणि २०१२ ला सत्ता अब्जाधीश बिडझिना इवानिश्विली यांच्या पक्षाकडे गेल्यावरही तीच टीका राहिली. म्हणून तपासताना दोन वेगळे रकाने करा. छोटा भ्रष्टाचार, म्हणजे काउंटरवरचा, एका रकान्यात. आणि वरचा, म्हणजे कायदा कुणासाठी लिहिला जातो आणि निकाल कुणाला घाबरतो, दुसऱ्या रकान्यात. पहिला रकाना इच्छाशक्ती असलेलं सरकार पाच वर्षांत बदलू शकतं. दुसऱ्याला असं सरकार लागतं जे स्वतःचेच हात बांधून घेईल, आणि ते फार कमी सरकारांना जमतं. गुंतवणूक, विशेषतः वीस-वीस वर्षांची, दुसऱ्या रकान्याकडे बघून येते.

युक्रेननेही २०१४ नंतर मनापासून काम केलं, प्रोझोरो नावाची सरकारी खरेदीची ऑनलाइन यंत्रणा, २०१६ च्या ऑगस्टपासून सगळ्या सरकारी खात्यांना सक्तीची, कुठल्याही टेंडरचे कागद कुणीही बघू शकतो. २०१९ ला भ्रष्टाचाराचं वेगळं उच्च न्यायालय सुरू झालं. ट्रान्सपरन्सीचा स्कोर २०१४ ला २६ होता तो २०२३ ला ३६, तेही युद्धात.

जिथे पाय घसरतो त्या जागा

तेल. अझरबैजान २००६ ला ३४ टक्क्यांनी वाढला. संस्था सुधारल्या म्हणून नाही, कॅस्पियनचं तेल पाइपलाइनने तुर्कस्तानच्या बंदरात पोहोचायला लागलं म्हणून. संस्था आणि वाढ यांचा चार्ट काढताना तेल-गॅसवाले देश वेगळ्या रंगात दाखवा नाहीतर सगळा निष्कर्ष बिघडतो. बेलारूस पण बघा, खाजगीकरण जवळपास नाहीच, तरी २००० च्या दशकात चांगली वाढ, कारण रशियाकडून स्वस्त तेल आणि गॅस. स्वस्त होता तोपर्यंत.

कारण उलटंही असू शकतं, देश श्रीमंत झाला म्हणून कोर्टावर खर्च करू शकला. याला पूर्ण उत्तर नाही, पण तारखा लावून बघता येतं, पोलंडचा रोखे आयोग आणि एस्टोनियाचा चलन कायदा हे दोन्ही देश गरीब असताना आले.

पूर्व जर्मनी आठवणीने घ्या. ३ ऑक्टोबर १९९० ला त्यांना जगातल्या उत्तम संस्था तयार मिळाल्या, कायदे, कोर्टं, बँका, सगळं. तरी कारखाने कोसळले, कारण पगार १ मार्कला १ मार्क असे बदलले आणि त्या भावात त्यांचा माल कुणी घेईना. म्हणजे संस्था आवश्यक, पण चुकीच्या किमतीपासून त्या वाचवत नाहीत.

भूगोल आणि युरोपियन युनियन. २००४ च्या १ मे ला आठ जुने साम्यवादी देश आत गेले, आणि जायच्या आधी कित्येक वर्षं ब्रुसेल्सने, म्हणजे युनियनच्या मुख्यालयाने, एकेक कायदा तपासला. ती आशा असली की सरकार बदललं तरी दिशा बदलत नाही. युक्रेनला ती आशा २०२२ पर्यंत कुणी ठोसपणे दिलीच नाही, हेही पोलंडशी तुलना करताना प्रामाणिकपणे लिहा. आणि आत गेल्यावर धाक कमी होतो, त्यासाठी हंगेरी. २०१० नंतर ओर्बान सरकारने नवी राज्यघटना आणली, कोर्टं आणि माध्यमं हळूहळू ताब्यात घेतली, डिसेंबर २०२२ मध्ये युनियनने साधारण ६३० कोटी युरो गोठवले. एकेकाळी परदेशी गुंतवणूक खेचण्यात हंगेरी या सगळ्यांच्या पुढे होता. चांगली संस्था एकदा बांधली की कायमची राहते असं धरून चालू नका.

लिहायला बसताना

पहिल्या पानावर जोडी आणि सुरुवातीचे आकडे. दुसऱ्यावर तीन निर्देशांकांचा एकच चार्ट. त्यानंतर तीन-चार पानं फक्त एका मालमत्तेची गोष्ट, तारखा आणि रकमांसकट, इथेच तुमचा अभ्यास इतरांपेक्षा वेगळा ठरेल. मग 'नाही कोण म्हणालं' याचं प्रत्येक देशातलं एक उदाहरण. शेवटी, तेल, भूगोल, युनियन यातलं काय तुमच्या जोडीला लागू होतं ते. कायद्यांची नुसती यादी देऊ नका, १९९० च्या दशकात रशियाचे कंपनी कायदे कागदावर खूप चांगले होते.

वाचायला, युनियनमध्ये जाऊ पाहणाऱ्या देशांवर युरोपियन कमिशन दरवर्षी रिपोर्ट काढतं, त्यातलं २३ वं प्रकरण न्यायव्यवस्थेचं असतं, तेवढं पाच वर्षांचं ओळीने वाचा. आयएमएफचे वार्षिक आढावेही फुकट मिळतात, त्यात बँकांचा भाग बघा.

पोलंड-युक्रेन करून झालं आणि अजून हौस असेल तर रोमानिया-मोल्दोवा घ्या. भाषा एकच, बराचसा इतिहास एक, पण रोमानिया २००७ ला युनियनमध्ये गेला आणि तरी त्याच्या कोर्टांवर ब्रुसेल्सने २०२३ पर्यंत खास देखरेख ठेवली होती. सुरुवात तिथल्या भ्रष्टाचारविरोधी खात्यापासून करा, लौरा कोवेशी २०१३ ते २०१८ त्याच्या प्रमुख होत्या, मंत्री आणि खासदारांवर खटले भरले, सरकारने त्यांना काढलं, आणि पुढच्याच वर्षी युरोपने त्यांना आपली पहिली मुख्य सरकारी वकील म्हणून निवडलं. मोल्दोवाच्या बाजूने ती तीन बँकांची चोरी घ्या, आणि दोन्हीकडे किती जण खरंच तुरुंगात गेले ते वर्षावार लिहून काढा.